गोळी स्वस्त, हिशेब अपुरा

मनुष्य भविष्यकाळातील गरजांना वर्तमानकाळातील गरजांपेक्षा नेहमीच कमी लेखतो, हा बोम-बावेर्क या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाचा विचार फळ्यावर मांडणे सोपे आहे. स्वतःच्या वर्तनात तो ओळखणे कठीण. दोन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याचे आढळले व डॉक्टरांनी रोज घ्यावयाची एक गोळी लिहून दिली. तीन महिन्यांनी अहवाल समाधानकारक आला आणि त्याच दिवशी गोळी बंद झाली. ती बंद करावयास कोणी सांगितले नव्हते. आपण बरे झालो, असा निष्कर्ष लेखकाने परस्पर काढला होता. पुढील तपासणीत आकडा पुन्हा पूर्वीच्याच जागी गेला.

हा अनुभव एकट्याचा नाही. दाढ दुखली की औषधाची आठवण आपोआप होते. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही. स्टॅटिन वर्गातील गोळ्या यकृतात होणारी त्याची निर्मिती रोखतात. गोळी थांबली की निर्मिती पूर्ववत सुरू होते. अहवाल चांगला आला तो गोळीमुळे, गोळीची गरज संपली म्हणून नव्हे, हे रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही.

वस्तुतः या औषधांच्या उपयुक्ततेविषयी आता शंका उरलेली नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्दो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून या वर्गातील पहिले द्रव्य शोधले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्ण होते. औषध घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पुढे पेटंटची मुदत संपली, अनेक भारतीय कंपन्या ही गोळी बनवू लागल्या आणि जनऔषधी केंद्रांत ती अल्प दरात मिळू लागली. तरीही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत दोन-तृतीयांश लोक स्टॅटिन घेत होते. भारताचा समावेश असलेल्या गरीब देशांच्या गटात हे प्रमाण शंभरात जेमतेम तीन होते.

गोळी सुरू करणे ही तर केवळ पहिली पायरी होय. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये एलडीएल या घातक कोलेस्टेरॉलची लक्ष्ये ठरवून दिली: सर्वसाधारण व्यक्तीसाठी दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली, अधिक धोका असलेल्यांसाठी ७० च्या व अत्यंत धोका असलेल्यांसाठी ५५ च्या खाली. एकाच मात्रेने प्रत्येक जण तेथे पोहोचत नाही. मात्रा दुप्पट केली तरी आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच घट होते. कित्येकदा एझेटिमाइबसारखे दुसरे औषध जोडावे लागते. म्हणजे कोणीतरी काही आठवड्यांनी पुन्हा मोजले पाहिजे आणि औषध बदलले पाहिजे. नेमके हेच राहून जाते. एकदा लिहिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षे तशीच चालते, किंवा अंग दुखते म्हणून डॉक्टरांना न विचारताच गोळी सोडली जाते.

आपल्या कोकणात या अडचणीला आणखी एक पदर आहे. मुले मुंबईला आणि वृद्ध आईवडील वाडीवर, अशी असंख्य घरे आहेत. चाकरमानी गणपतीला येताना गोळ्यांची पाकिटे आणतो. ती संपली की शिमग्यापर्यंत खंड पडतो. रक्ततपासणीसाठी तालुक्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी गेलीच. गोळी स्वस्त झाली, तिच्यापर्यंतची वाट मात्र महागच राहिली.

शासनाचा खर्चही तपासून पाहण्यासारखा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा भार उचलला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती वेळच येऊ नये म्हणून रोज लागणाऱ्या गोळीचा व फेरतपासणीचा पाठपुरावा कोण करणार? याचे उत्तर शेजारीच सापडते. १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या सिंधुदुर्गात राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच राबविला गेला. औषधयोजनेचा ठरावीक क्रम, नियमित पुरवठा, घराजवळ उपचार आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची सूत्रे होती. त्याच नोंदीत कोलेस्टेरॉलचे तीन रकाने वाढवावेत: लक्ष्य किती, मागील आकडा किती, पुढील तपासणी केव्हा. महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या आरोग्यकेंद्रात मिळाव्यात आणि जो आला नाही त्याची चौकशी व्हावी.

आपण शिक्षक आणि कारकून मंडळी भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत मोठे दूरदर्शी ठरतो. पण ती कपात पगार हाती येण्यापूर्वीच परस्पर होते, म्हणूनच ती टिकते. आपल्या निर्धारावर सोपविली असती, तर किती जणांच्या खात्यात शिल्लक राहिली असती? हृदयाच्या रक्षणाचीही व्यवस्था अशीच असावयास हवी. माणसाच्या निग्रहावर विसंबलेला उपचार पहिल्या चांगल्या अहवालापाशी थांबतो, हे प्रस्तुत लेखक स्वानुभवाने सांगू शकतो.