न वर होणाऱ्या हातांची पन्नास वर्षं

वर्गात न बोलणाऱ्या विद्यार्थ्याला काहीतरी कमी आहे, असं विद्यापीठं फार काळ धरून चालली होती. भाषा कच्ची, धीर कमी, नाहीतर विचारच नाही. या समजाला सुरुवातीचा एक धक्का शाळेतून बसला. ओरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज या मूलनिवासी वस्तीतली मुलं साऱ्या वर्गासमोर विचारलं की गप्प राहायची आणि मुलांनीच चालवलेल्या छोट्या गटात मोकळी व्हायची, हे सुसान फिलिप्स यांनी 1972 साली मांडलं.

विद्यापीठांपर्यंत हे यायला वेळ लागला. 1986 मध्ये हॉफस्टेड यांनी देशोदेशींचे गुरू-शिष्य संबंध वर्गवारीत बसवले. त्याचा उपयोग झाला, पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या कपाळी त्याच्या देशाची चिठ्ठी लागली, हे नुकसानही मला मोठं वाटतं. ‘चिनी मुलं नुसती घोकतात’ या समजुतीला उत्तर मिळालं 1996 मध्ये, वॉटकिन्स आणि बिग्ज यांच्या हाँगकाँगमधल्या पुस्तकातून : पुन्हापुन्हा म्हणणं हीसुद्धा समजून घेण्याची वाट असते.

पुढचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. हीजंग किम यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना तर्काची कोडी सोडवताना मनातले विचार मोठ्यानं बोलायला लावलं. पूर्व आशियाई वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांची कामगिरी त्यानं खालावली. युरोपीय वंशाच्यांची तशी खालावली नाही. म्हणजे बोलायला लावणं हीच काहींच्या विचारातली अडचण होती! बोलका तो हुशार, हे गृहीतक घेऊन गुण देणाऱ्या प्रत्येकानं इथं थांबायला हवं होतं.

सिडनीतल्या जपानी विद्यार्थ्यांवरचं इकुको नाकाने यांचं पुस्तक 2007 मध्ये आलं. मौनाची कारणं एकट्या जपानी संस्कारात नव्हती. ऑस्ट्रेलियन सोबती इतक्या झटपट बोलायला सुरुवात करत की जपानी विद्यार्थी वाक्य जुळवेपर्यंत संधी गेलेली असे.

मराठी माध्यमातून येऊन पुण्या-मुंबईत इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

उपायही जुनाच आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, ते तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं उत्तरं देतात आणि ती जास्त लांब असतात, हे मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं. तरीही अनेक अभ्यासक्रमांत वर्गातल्या सहभागाचे गुण आजही हात आधी वर करणाऱ्यालाच मिळतात. चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्न त्यात धरला जात नाही.