ताणला तरी मूळ लांबीवर येणारा धागा

स्पॅन्डेक्स हा पॉलियुरेथेनचा कृत्रिम धागा मूळ लांबीच्या पाचपटीहून अधिक ताणला जातो आणि सोडताच जवळजवळ पूर्ववत होतो. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८ मध्ये विकसित केला. ‘लायक्रा’ हे त्याचेच व्यापारी नाव.

त्याच्या प्रत्येक रेणुसाखळीत दोन प्रकारचे तुकडे आलटून पालटून येतात. लांब, मऊ तुकडे एरवी वेटोळी घालून असतात. ओढले की सरळ होतात. आखूड, कडक तुकडे शेजारच्या साखळ्यांतील आपल्यासारख्या तुकड्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून घसरून जात नाहीत. खरी करामत या दोहोंच्या प्रमाणात आहे. मऊ भाग वाढवला की धागा अधिक ताणतो, कडक भाग वाढवला की तो ताठर आणि मजबूत होतो.

कापडात स्पॅन्डेक्स सहसा एकटा नसतो. स्ट्रेच जीन्समध्ये सुताबरोबर तो दोन-तीन टक्केच असतो, पोहण्याच्या पोशाखात बराच जास्त. मात्र हेच मिश्रण पुनर्वापराच्या आड येते, कारण सुतापासून तो वेगळा काढणे कठीण आहे. कडक इस्त्री आणि क्लोरीनयुक्त ब्लीच यांनी त्याची लवचीकता जाते. असे कपडे त्यांपासून दूरच ठेवावेत.