अणुवीज केंद्रातील बिघाड-निवेदन : वायुवीजन व शीतन सामग्री

अणुवीज केंद्रातील पंप, पंखे, उष्णता-विनिमयक, झडपा, हवा गाळण्याची सामग्री इ. साधनांत निर्माण झालेला दोष नियामक संस्थेस, तसेच तशीच साधने वापरणाऱ्या अन्य केंद्रांस ठराविक मुदतीत व ठराविक नमुन्यात कळविण्याच्या पद्धतीस बिघाड-निवेदन म्हणतात. बिघाडामुळे प्रत्यक्ष हानी झाली नसली, तरीही निवेदन करावे लागते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

कोळशाच्या केंद्रात भट्टीचे इंधन तोडले की, उष्णतानिर्मिती थांबते. अणुकेंद्रीय विक्रियकात मात्र शृंखला विक्रिया थांबविल्यानंतरही भंजनातून उत्पन्न झालेल्या द्रव्यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासामुळे इंधन तापतच राहते [⟶ किरणोत्सर्ग]. १,००० मेगॅवॉट औष्णिक शक्तीचा विक्रियक बंद केल्यास त्या क्षणी सु. ६५, तासाभराने सु. १५ व दिवसाअखेर सु. ५ मेगॅवॉट उष्णता निर्माण होत असते. ती वाहून नेली नाही, तर इंधन वितळू शकते. म्हणून विक्रियक बंद असतानाही शीतनाचे पंप व त्यांना वीज पुरविणारी डीझेल जनित्रे सज्ज ठेवावी लागतात.

वायुवीजनाची कार्ये दोन आहेत. इमारतीतील हवा स्वच्छ भागाकडून दूषित होण्याचा संभव असलेल्या भागाकडे वाहावी अशा रीतीने दाब राखतात व बाहेर सोडावयाची हवा सूक्ष्मकण अडविणाऱ्या गाळण्यांतून आणि किरणोत्सर्गी आयोडीन शोषून घेणाऱ्या सक्रियित कोळशातून नेऊन उंच धुराड्यावाटे सोडतात. दुसरे कार्य कमी प्रसिद्ध, परंतु तितकेच महत्त्वाचे आहे : पंपांच्या, विद्युत् फलकांच्या व नियंत्रणाच्या खोल्या थंड राखणे. खोलीतील शीतक-यंत्र बंद पडल्यास तेथील निर्दोष पंपही काही काळाने तापून निकामी होऊ शकतो आणि एकाच खोलीत अनेक साधने असल्यास ती सर्वच धोक्यात येतात. वातानुकूलनाचा बिघाड किरकोळ समजून केवळ दुरुस्तीच्या वहीत नोंदविण्याची प्रवृत्ती याच कारणाने घातक ठरते.

अमेरिकेच्या नियमांनुसार गांभीर्याप्रमाणे १, ४ किंवा ८ तासांत प्राथमिक सूचना आणि ६० दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. अहवाल योग्य ठिकाणी पोहोचला नाही, तर काय होते, याचे उदाहरण त्याच देशात घडले. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायओ राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात दाब कमी करणारी झडप उघडीच अडकली. विक्रियक अल्प शक्तीवर चालू होता व कर्मचाऱ्यांच्या ते वेळीच लक्षात आले. त्याच निर्मात्याचा विक्रियक असलेल्या थ्री माइल आयलंड येथे ही माहिती परिणामकारकपणे पोहोचली नाही. २८ मार्च १९७९ रोजी तेथे तशीच झडप अडकली, कर्मचाऱ्यांनी परिस्थिती ओळखण्यात चूक करून आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी केला व विक्रियकातील सु. निम्मे इंधन वितळले.

भारतात पहिले अणुवीज केंद्र तारापूर (सध्याचा पालघर जिल्हा) येथे १९६९ मध्ये सुरू झाले, तर अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. मधल्या काळात सुरक्षिततेचे परीक्षण अणुऊर्जा खात्याच्या अंतर्गत समित्यांकडे होते. केंद्राने मंडळास प्रथम संक्षिप्त सूचना व नंतर कारणमीमांसेसह सविस्तर अहवाल द्यावा, अशी पद्धत आहे. घटनांची प्रतवारी १९९० मध्ये प्रचारात आलेल्या ० ते ७ श्रेणींच्या आंतरराष्ट्रीय मापश्रेणीनुसार करतात.

देशातील सर्वांत बोधप्रद घटना उत्तर प्रदेशातील नरोरा येथे ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे घडली. टर्बाइनाची पाती तुटून हायड्रोजनाला आग लागली, विद्युत्‌ तारा जळाल्या आणि केंद्र सु. १७ तास विजेविना राहिले. नियंत्रण कक्षात धूर शिरल्याने कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. त्यांनी विजेऱ्यांच्या उजेडात इमारतीत चढून बोरॉनयुक्त द्रव सोडणाऱ्या झडपा हातांनी उघडल्या आणि आग विझविण्याच्या डीझेल पंपांचे पाणी बाष्पजनित्रांत सोडून उष्णता काढली. घटनेस ३ री श्रेणी देण्यात आली. अशा पात्यांतील दोषाची सूचना परदेशी रचनाकाराकडून १९८९ मध्येच भारतीय निर्मात्यास मिळालेली होती, परंतु पाती वेळेत बदलली गेली नाहीत. निवेदन झाले, तरी त्यावर कृती करण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसेल, तर ते कागदावरच राहते. निर्मात्यापर्यंत अहवाल जाणे यासाठीच आवश्यक असते. महाराष्ट्रात पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सने पंप व पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथील कारखान्याने विक्रियकांचे अवजड भाग अणुवीज केंद्रांसाठी बनविलेले आहेत.

तारापूरच्या पहिल्या दोन विक्रियकांत काही सुरक्षा साधने सामाईक होती. २००५-०६ मधील नूतनीकरणात ती शक्य तितकी विभक्त करून अधिक क्षमतेची डीझेल जनित्रे बसविण्यात आली. कल्पाक्कम येथे २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी समुद्रजलाच्या पंपगृहात शिरल्याने चालू विक्रियक बंद करावा लागला. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे समुद्राच्या पाण्याने पंप व जनित्रे निकामी केल्यानंतर भारतीय केंद्रांचीही फेरतपासणी झाली आणि बाहेरून पाणी देण्याच्या जोडण्या बसविण्यात आल्या.

निवेदन करणाऱ्यास शिक्षेचे भय असल्यास किरकोळ दोष लपविले जातात. उलट नियामक संस्था चालकांपासून पुरेशी स्वतंत्र नसल्यास अहवालांच्या परीक्षणावर विश्वास बसत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालात नियामक मंडळाच्या अपुऱ्या स्वायत्ततेवर टीका करण्यात आली होती.