निवडणूक ड्युटीचं मानधन : तासाला किती पडतं?



2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं. ड्युटी करून फुलसावंगीला परत आले. वर्गात पाय ठेवताच पाचवीच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला किती पैसे भेटले?" म्हटलं, चला, आज हेच गणित घेऊ.

आधी फळ्यावर वेळ लिहिली. 19 तारखेला सकाळी 8 वाजता साहित्य वाटपाला हजर. यंत्रं, मतदार यादी, सीलचं साहित्य तपासून गाडीनं केंद्रावर. रात्री वर्गखोलीतच मुक्काम. 20 ला पहाटे साडेपाचला मॉक पोल, सकाळी 7 ते संध्याकाळी 6 मतदान. मग सील करणं, 17-सी भरणं आणि साहित्य जमा करून मोकळं व्हायला रात्रीचे 11. पोरांनी बोटं मोजली : 39 तास.

तेव्हा मतदान अधिकाऱ्याचा दर होता दिवसाला 250 रुपये. दोन दिवसांचे 500. भागिले 39, म्हणजे तासाला साधारण 13 रुपये. शिपाई दादांचा दर 200, म्हणजे तासाला 10 च्या आसपास. मागून एक पोरगा म्हणाला, "आमच्या मायला कापूस वेचून यापेक्षा जास्त भेटतात!" सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण त्याचं बोलणं मनात राहिलं.

आता दुसरी बाजूही बघू. आम्हा कायम शिक्षकांचा त्या दिवसांचा पगार सुरूच असतो. मानधन वरचं असतं, जेवणाचा भत्ताही वेगळा असतो. त्यामुळे आमचं घर काही त्यावर चालत नाही. पण त्याच केंद्रावर तुटपुंज्या मानधनावरचे आणि कंत्राटी कामगारही राबतात. त्यांना हा आकडा खरा टोचतो.

हे दर 2014 ते 2016 च्या काळात ठरलेले होते. भारत निवडणूक आयोगानं ते ऑगस्ट 2025 मध्ये वाढवले. दिवसाचे दर असे :

- मतदान केंद्राध्यक्ष : 350 वरून 500 रुपये
- मतदान अधिकारी : 250 वरून 400 रुपये
- चतुर्थ श्रेणी कर्मचारी : 200 वरून 350 रुपये
- जेवण व अल्पोपाहार : 150 वरून 500 रुपये

बीएलओंचं वर्षाचं मानधनही 6000 वरून 12000 झालं, म्हणजे महिन्याला 1000 रुपये. वाढ चांगलीच आहे. पण तेच 39 तास धरले तर शिपाई दादांना आता तासाला 18 रुपये पडतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. हे दर लोकसभा-विधानसभेचे आहेत. जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे आदेश वेगळे निघतात.

"परवडत नाही तर जाता कशाला?" असं काही पालक विचारतात. तर हे काम ऐच्छिक नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 159 नुसार कर्मचारी द्यावेच लागतात, आणि सबळ कारणाशिवाय कर्तव्य टाळलं तर कलम 134 लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्येही जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना देता येतात. मात्र मतदार यादीचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये सांगितलंय. मुलांचे तास बुडू नयेत, हाच त्यामागचा हेतू.

माझं म्हणणं एवढंच : ज्या कामाला नाही म्हणता येत नाही, त्याच्या अटी तरी न्याय्य असाव्यात. दर दहा-दहा वर्षं अडकू नयेत. झोपायला सतरंजी, बायकांसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह आणि रात्री 11 नंतर घरी पोचायला गाडी हवी. केंद्राच्या गावात राहणाऱ्या पालकांनो, त्या रात्री शाळेत नळाला पाणी आणि दिवा आहे का, एवढं बघितलं तरी मोठी मदत होते.

आणि शिक्षकांनो, नेमणुकीचा आदेश जपून ठेवा, बँकेचा तपशील नीट भरा. आपल्याच केंद्रावरच्या शिपाई दादांचा, मदतनीस ताईंचा फॉर्म भरलाय का, तेही विचारा. खूपदा तो कोणी विचारतच नाही.

हे गणित तुमच्या वर्गातही घेऊन बघा. भागाकार पक्का होतो, आणि मुलांना घामाची किंमतही कळते.