तीन सेकंदांची उसंत

प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा कळलं, जेमतेम १ सेकंद! तेवढ्यात हात वर होणार ते ठरलेल्या हुशार मुलांचेच.

हीच उसंत ३ सेकंदांवर नेली, तर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. रो यांनी सुचवलेला दुसरा थांबा तर फारच मोलाचा आहे. मुलाचं उत्तर संपताच ‘शाबास’ म्हणायची घाई करायची नाही. मग पुष्कळदा मूल आपणहून ‘कारण...’ म्हणत पुढे सांगू लागतं.

१९८१मध्ये अमेरिकेतल्याच मेरीलँडमधले शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी आणखी एक पायरी जोडली: आधी मनाशी विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, नंतर वर्गासमोर उत्तर. बुजऱ्या मुलांना ही मधली पायरीच धीर देते.