चिमूटभर चुन्याची करामत

गडचिरोलीच्या कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चिमूटभर चुना पन्नीत घालून ठेलेवाला खर्रा घोटत असतो. नशा तंबाखूची, पण ती माणसाला पोहोचवतो चुना! निकोटिनचा रेणू आम्ल वातावरणात विद्युतभारित असतो आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज पलीकडे जात नाही. चुन्याने लाळ अल्कधर्मी झाली की त्याचा भार उतरतो, रेणू त्वचेतून थेट रक्तात शिरतो आणि यकृताची चाळणी टाळून मेंदूत पोहोचतो. ज्यांनी हे मिश्रण पहिल्यांदा जमवलं त्यांना रसायनशास्त्र कुणी शिकवलं असेल?

मेंदूत निकोटिनला बसायला जागा आहेत, त्या मुळात शरीराच्या स्वतःच्या एका रसायनासाठी असतात. रोजच्या खर्ऱ्याने या जागा वाढतात. खर्रा बंद केला की वाढलेल्या जागा रिकाम्या पडतात आणि माणूस चिडतो, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. नंतर काही आठवड्यांत जागा पुन्हा कमी होतात. ‘याच्यात जिद्दच नाही’ असं म्हणणाऱ्या व्यसनमुक्ती कार्यकर्त्याने आधी हे समजून घ्यायला हवं.

हे रसायनशास्त्र खेड्यातल्या माणसाला झेपेल का, हा प्रश्न गडचिरोलीत तरी विचारू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायला त्या शिकल्या आणि त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. 2016 पासून सर्च, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांचं ‘मुक्तिपथ’ अभियान याच जिल्ह्यात दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतं.

खर्ऱ्यातली सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्यातला अॅरेकोलिन आणि तांबं मिळून गालाच्या आतले तंतू घट्ट विणतात. तपासणी अगदी साधी: स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून पाहायची. दोनच मावली तर सावध व्हायचं. विणलेले तंतू खर्रा सोडल्यावरही सहसा सुटत नाहीत, आणि यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो.

शहरातल्या कार्यकर्त्यापुढे मात्र वेगळंच रसायन येतं. 1912 मध्ये जर्मनीच्या मर्क कंपनीत तयार झालेली एक्स्टसी ही नशेची गोळी मेंदूतला सेरोटोनिनचा साठा एकदम रिता करते. म्हणून रात्रभर सगळं जग आपलं वाटतं आणि दोन-तीन दिवसांनी विनाकारण उदास वाटू लागतं. अंगाचं तापमान वाढतं, ते वेगळंच संकट. गोळी घेणाऱ्याला स्वभावच असा म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. रिकामा साठा भरायला वेळ लागतो, हे त्याला सांगायला हवं.

आता दारू. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. कायद्याचा वाद राजकारण्यांनी खुशाल घालावा, पण मेंदूला कायदा कळत नाही. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारू सतत ब्रेक लावत असते, म्हणून मेंदू तेवढाच जोरात अॅक्सिलरेटर दाबून ठेवायला शिकतो. एके दिवशी ब्रेक निघाला की अॅक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, आणि उपचार नसेल तर जीवही जातो. खर्रा सोडताना असा जीव जात नाही. म्हणून वर्षानुवर्षं पिणारा माणूस शपथ घेऊन ‘उद्यापासून थेंबही नाही’ म्हणतो, तेव्हा जाणता कार्यकर्ता टाळ्या वाजवत नाही. तो आधी विचारतो, ‘सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? कधी झटका आला होता?’ उत्तर ‘हो’ असेल, तर घरी एकट्याने अचानक सोडू नका, आधी दवाखान्यात चला, असं तो सांगतो.