टिळक दांपत्याच्या साहित्यातील विषाद आणि आनंद

मराठी ख्रिस्ती साहित्यात वारंवार येणारा आनंद हा पुष्कळदा धर्मप्रचाराचा ठरीव उपचार समजला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या लेखनाच्या संदर्भात हे मत तपासून पाहण्याजोगे आहे.

नागपुरातील वास्तव्यानंतर राजनांदगावला जात असता आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परिणामी आप्तेष्ट दुरावले, जात तुटली आणि पत्नीचाही वियोग घडला. म्हणजे श्रद्धेने टिळकांचे दुःख हरण केले असे म्हणता येत नाही. प्रारंभी तर तिनेच ते ओढवून आणले. त्यांच्या काव्यातील आनंदाचा विचार या पार्श्वभूमीवरच करावा लागतो.

आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. तुकारामांच्या करुणापर अभंगांत हताश भक्त देवाशी भांडतो. परंतु त्या भांडणातच देवाशी असलेले नाते टिकून असते. हीच वाट टिळकांच्या अभंगांनी चोखाळली. ख्रिस्ती श्रद्धेत पुनरुत्थानाच्या आधी क्रूस येतो. त्यामुळे वेदना वगळून आनंदाकडे जाण्याचा मार्ग तेथे नाही. या आशयाला अभंगाच्या रूपाने मराठी मनाच्या ओळखीचा सूर लाभला.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी आहे. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांशी दीर्घकाळ झगडून १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त दारिद्र्य, अपत्यवियोग व मानहानी यांचे प्रसंग आहेत. तरीही स्वतःकडे पाहून हसण्याची त्यांची वृत्ती ढळत नाही. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी ओवीबद्ध रचनेत पूर्णत्वास नेले. औपचारिक शिक्षण नसलेल्या विधवेने पत्करलेल्या या कार्यात शोकाचे रूपांतर साधनेत झालेले दिसते.

तात्पर्य, एकाने विषाद ईश्वरापुढे मांडला, तर दुसरीने तो विनोदाच्या व कामाच्या बळावर पेलला. दुःख नाकारले मात्र कोणीच नाही. दुःख झाकून केलेला आनंदाचा उद्घोष प्रचाराच्या पातळीवर राहतो. टिळक दांपत्याच्या लेखनातील आनंद दुःखाची पुरती किंमत मोजून आलेला असल्यामुळे, ती श्रद्धा न मानणाऱ्या वाचकालाही तो आपला वाटू शकतो.